रोजचा वापर: शून्य

नवऱ्यानं बोट घेतली तेव्हा ती भांडली नाही, याचं सासरी सगळ्यांना नवल वाटलं. माहेरी तर कुजबुज झाली की बाळंतपणापासून पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. चार लाकडी फळ्या आणि एक डोलकाठी, त्यात वर्षभर संसार करायचा, तोही दीड वर्षाच्या मुलीला घेऊन! आणि ही बाई "बघू या" म्हणते!

पण तिचं गणित वेगळं होतं. त्यांचं घर होतं हमरस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर. खाली बसथांबा, समोर तीन वर्षं न संपलेलं बांधकाम. खिडकी उघडली की सिमेंट आत, मिटली की कोंदट. महिन्यातून दोनदा तरी गोटीची छाती वाजायची. गोटी म्हणजे मुलगी. जन्मली तेव्हापासून गोल, म्हणून गोटी. छाती वाजायला लागली की गोटीच्या बरगड्यांखाली खड्डा पडायचा, आणि तो खड्डा तिच्या आईच्या पोटातही पडायचा. अशा रात्री झोपलेल्या मुलीचे श्वास मोजून वहीत लिहून ठेवायची तिला सवय होती. सासूबाई त्या वहीला "धोब्याची वही" म्हणायच्या.

बोट बघायला गेले तेव्हा चार दिवस बंदरातच तिच्यावर राहिले. चार दिवसांत गोटी एकदाही वाजली नाही. वहीत चार पानं कोरी!

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, पण चष्म्यावरून बघत दिली. "खारी हवा मानवतेय ना? मग जा खुशाल. पण छाती वाजली की नेब्युलायझर लगेच लावायचा. 'बघू जरा वेळानं' अजिबात नाही."

नेब्युलायझर म्हणजे पावाच्या डब्याएवढं यंत्र. त्याला नळी, नळीला मास्क. ते औषधाचं धुकं करून बाळाच्या नाकातोंडात सोडतं. घरी ते भिंतीतल्या प्लगला लावायचं आणि बटण दाबायचं, की झालं. समुद्रात भिंत कुठली? म्हणून तिचा सगळ्या सफरीबद्दल एकच प्रश्न होता: बटण दाबलं की ते चालेल का?

हा प्रश्न तिनं नवऱ्याला विचारला. तिथंच चूक झाली.

नवऱ्याला आता सगळे कॅप्टन म्हणत. वर्षभराची बिनपगारी रजा मंजूर झाली तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी थट्टेनं एक सोनेरी काठाची टोपी दिली होती. थट्टा त्याला कळली नाही, टोपी मात्र डोक्यात बसली. सहा महिने तो एका जोडप्याचे व्हिडिओ बघत होता. ते दोघं बोटीवर राहायचे, पाव भाजायचे, सूर्यास्ताकडे बघून उसासे टाकायचे. त्यांना मूल नव्हतं. कुत्रा होता, आणि त्याची छाती ठणठणीत होती.

"वीज हा सगळा शिस्तीचा प्रश्न आहे," कॅप्टननं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडत सांगितलं. गोटी त्याच टेबलाखाली चमचा आपटत होती. "बोटीवर काय काय चालवायचं, प्रत्येकाला किती वॅट लागतात, दिवसाला किती तास चालणार. गुणाकार करायचा, बेरीज करायची. तेवढी बॅटरी, तेवढी सोलर पॅनेलं. लोक उगाच बाऊ करतात."

"आणि ऊन नसेल तेव्हा?"

"म्हणून तर श्रेणी आहेत." त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. "बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खाली गेली की तिसरी श्रेणी आपोआप बंद. पंचवीसला दुसरी बंद. पहिली शेवटपर्यंत चालू. हुशार डबा मागवलाय त्यासाठी. तो स्वतःच ठरवतो. माणसाला हात लावायचं काम नाही."

तिनं पहिली श्रेणी वाचली. मथळा ठळक होता: जीवनावश्यक. वायरलेस, दिशादर्शक, रात्रीचे दिवे, बोटीत शिरलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, फ्रीज, कॉफीचं यंत्र.

"कॉफीचं यंत्र?"

"पहाऱ्यावरचा माणूस पेंगला तर बोट खडकावर जाईल. कॉफी हे तांत्रिकदृष्ट्या सुरक्षेचं साधन आहे."

"चौदाशे वॅटचं सुरक्षेचं साधन!"

"वाफेचा दाब चांगला लागतो गं. नाहीतर फेस धरत नाही."

दुसऱ्या श्रेणीत पंखे, इंडक्शनची शेगडी, लॅपटॉप. तिसरीचा मथळा होता 'प्रसंगोपात'. त्यात केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, मिक्सर आणि सगळ्यांत शेवटी नेब्युलायझर. त्याच्यापुढे रोजचा वापर: शून्य पूर्णांक शून्य तास. गुणाकार: शून्य.

"हे शून्य कसं?"

"सरासरी आहे ती. महिन्यातून दोनदा, प्रत्येक वेळी दहा मिनिटांचे तीन डोस. म्हणजे महिन्याचा एक तास. तीसनं भागला की दिवसाला दोन मिनिटं. तासांत ते येतं शून्य पूर्णांक तीन शतांश. मी एकच दशांश स्थळ ठेवलंय, तक्ता सुटसुटीत दिसतो."

ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकली होती. सरासरी या बाईशी तिची जुनी ओळख होती, आणि बाई घरात घेण्यासारखी नाही हे तिला माहीत होतं. "अरे, आगीच्या बंबाची सरासरी काढलीस तर तो दिवसाला पाव मिनिट पळतो. मग त्यात पावच लिटर डिझेल भरायचं का?"

कॅप्टन हसला. काळजी करणाऱ्या बायकोकडे बघून हसायचं त्याचं एक खास हसू होतं, मऊ आणि वरून खाली येणारं. "शून्य म्हणजे वाईट नाही. शून्य म्हणजे सिस्टिमवर त्याचा काही भारच नाही. आनंदाची गोष्ट आहे ही."

"आनंदाची गोष्ट मग इस्त्रीच्या खाली का?"

"बाळाच्या आईनं शांत राहायचं असतं," तो म्हणाला. "मुलांना कळतं."

सासूबाईंनी फोनवर लेकाचीच बाजू घेतली. "त्याला विजेचं लहानपणापासून कळतं. सात वर्षांचा असताना त्यानं बॅटरी उघडून पुन्हा जोडली होती."

"जोडल्यावर लागली का, आई?"

"ते आता आठवत नाही बाई."

बंदरात बोटींचं वायरिंग करणारा एकच माणूस होता. त्याला सगळे मामा म्हणत, त्याच्याहून मोठेसुद्धा. धक्क्याच्या टोकाला पत्र्याचं दुकान, आत तांब्याच्या तारांची भेंडोळी आणि एक खुर्ची. तिच्यावर कुणालाच बसू देत नसे, कारण तिच्यावर त्याचा चहा असे. कॅप्टननं तक्ता पुढं केला. मामानं तो बोटानं ओळ ओळ वाचला.

"साहेब, ऊन किती तास धरलंय?"

"बारा. सात ते सात."

"सूर्य सातला हजेरी लावतो, कामाला दहाला लागतो. दोन वाजता जेवायला उठला की परत येतोच असं नाही. पाच तास धरा. पॅनेलांवर शिडाची सावली पडली तर तेवढेही धरू नका."

"पण पॅनेलांवर सहाशे वॅट लिहिलंय."

"माझ्या लग्नपत्रिकेत 'उच्चविद्याविभूषित' लिहिलं होतं," मामा म्हणाला.

कॅप्टनला हे आवडलं नाही. त्यानं कॉफीच्या यंत्राचा फोटो दाखवला. पितळी नळ्या, लाकडी मुठी, समोर निळा दिवा. मामानं कौतुकानं पाहिलं. "झकास आहे. घरी ठेवा."

"मामा, बॅटरी केवढी आहे बघा तर!"

"बघितली. मोठी आहे. पण आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून यायचं?"

"आड काय म्हणता, लिथियम आहे ती!"

मग हुशार डब्याची गोष्ट निघाली. मामानं तो उलटापालटा करून पाहिला आणि टेबलावर ठेवला, कुणाचं तरी रडणारं मूल परत द्यावं तसा. "काय बंद करायचं, हे काम माणसाच्या हातात असू द्या, साहेब."

"माणूस चुकतो."

"चुकतो. पण ओरडलं की ऐकतो."

कॅप्टन बाहेर पॅनेलं मोजायला गेला तेव्हा तिनं हळूच विचारलं, "मामा, हा नेब्युलायझर तिसऱ्या श्रेणीत आहे. बरोबर आहे का ते?"

मामानं पक्कड पुसली. "ताई, मी यादीप्रमाणं वायर ओढतो. यादी कुणी करायची ते घरात ठरतं."

तिथं तिनं पाय रोवायला हवा होता. नाही रोवला. काळजीखोर, काळजीखोर असं दीड वर्ष ऐकून तिला स्वतःच्याच काळजीचा संशय यायला लागला होता. ती गोटीला कडेवर घेऊन तारांची भेंडोळी मोजत उभी राहिली.

आठवड्यानं ते चाचणीला निघाले. तीन दिवस, बंदरापासून दीड तासावरच्या एका शांत आडोशाला नांगर टाकून राहायचं. पहिला दिवस चित्रासारखा गेला. ऊन कडक, बॅटरी शंभर टक्के. कॅप्टन दर अर्ध्या तासानं मोबाइलवर आकडे बघून म्हणायचा, "काय सांगितलं होतं?" त्यानं पाव भाजला. पाव खालून जळला, वरून रडका राहिला, पण फोटो वरून काढला. गोटी दोरीला बांधलेल्या गादीवर लोळली. वहीतलं पान कोरं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ढग. वारा नाही, सगळं राखी. शेजारी आणखी दोन बोटी नांगरून होत्या. अकरा वाजता कॅप्टननं हात करून त्यांना कॉफीला बोलावलं. चार पाहुणे आले. त्यांनी यंत्राची स्तुती केली. स्तुती झाली की कॅप्टन आणखी एक फेरी करी. एका पाहुण्यानं विचारलं, "एवढी वीज पुरते?" कॅप्टननं टोपी सरळ केली. "नियोजन!"

पाहुणे तीनला गेले. गोटी चारला उठली, आणि उठताना तो आवाज आला. आधी शिट्टीसारखा बारीक, मग खालून दाट. तिनं झबलं वर केलं. बरगड्यांखाली खड्डा. घड्याळ धरून श्वास मोजले आणि वहीत लिहायच्या भानगडीत पडली नाही.

नेब्युलायझर तिनं आधीच उशाशी लावून ठेवला होता. औषध भरलं, मास्क धरला, बटण दाबलं.

काही नाही.

पुन्हा दाबलं. प्लग काढून घातला. काही नाही. गोटी मास्क ढकलून रडायला लागली आणि रडण्यात आवाज आणखी घट्ट झाला.

"अरे! इथं वीज नाहीये!"

कॅप्टन वरून खाली डोकावला. "अडतीस टक्के झालेत. तिसरी श्रेणी गेली. बघ, डबा बरोबर काम करतोय."

तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो दोन पायऱ्या एकदम उतरला.

"दोन मिनिटं, दोन मिनिटं. ॲपमधून प्राधान्यक्रम बदलतो." त्यानं मोबाइल काढला. अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "अपडेट मागतंय."

"काय?"

"अपडेट केल्याशिवाय उघडत नाही. रेंज... जरा वर जाऊन बघतो."

तो मोबाइल आकाशाकडे धरून वर गेला. वरून त्याचा आवाज येत राहिला: "आली! गेली. आली! एक रेघ आहे!" जीवनावश्यक वीज व्यवस्थित चालू होती. फ्रीज गुरगुरत होता. आत कॅप्टनची चीजची वडी थंडगार विसावली होती. ओट्यावर कॉफीच्या यंत्राचा निळा दिवा शांतपणे जळत होता, पुढच्या पाहुण्यांसाठी पाणी तापवून ठेवत.

दिवा जळतो म्हणजे त्या प्लगमध्ये वीज आहे. एवढी साधी गोष्ट तिला कळायला किती वेळ लागला, ते नंतर तिला सांगता आलं नाही. एका हातानं गोटीला छातीशी धरून तिनं दुसऱ्या हातानं यंत्राची वायर ओढली. पितळी नळ्या, लाकडी मुठी, सगळं सुरक्षेचं साधन ओट्यावरून सरकून सिंकमध्ये तोंडावर पडलं. तिनं नेब्युलायझर तिथं खोचला. घर्रर्र सुरू झाली. जमिनीवर बसून, पाठ फ्रीजला टेकवून, तिनं मास्क धरला. दहा मिनिटं. मग पुन्हा दहा. हळूहळू खड्डा भरत गेला. गोटीनं तिच्या कानातली रिंग ओढायला सुरुवात केली तेव्हा तिला कळलं की आता ठीक आहे.

"उघडलं!" कॅप्टन धावत खाली आला. "ॲप उघडलं. आता कुठल्या श्रेणीत टाकू?"

त्यानं सिंकमध्ये तोंडावर पडलेलं यंत्र पाहिलं, तिला पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा शहाणपणा करून टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरात परतल्यावर ती बोटीवरून थेट मामाच्या दुकानात गेली, गोटी कडेवर, कॅप्टन मागे पिशव्या घेऊन. "मामा, यादी मी करणार आहे. छोटी आहे. हा नेब्युलायझर कुठल्याही श्रेणीत नको. बॅटरीपासून सरळ वेगळी वायर, वेगळा छोटा इन्व्हर्टर, माझ्या उशाशी एक बटण. मध्ये डबा नाही, ॲप नाही, हुशारी नाही."

"अर्ध्या दिवसाचं काम," मामा म्हणाला. त्यानं खुर्चीवरचा चहा उचलला आणि खुर्ची तिच्यापुढे सरकवली.

"पण सरासरीच्या दृष्टीनं..." कॅप्टननं सुरुवात केली.

"साहेब," मामा म्हणाला, "तुम्ही आता पिशव्या ठेवा."

काम दुपारच्या आत झालं. कॅप्टनला वाटलं, झालं, आता आवराआवर. पण तिनं मान हलवली. "आता बॅटरी उतरवा. सगळं बंद पडेपर्यंत. मग मी बटण दाबणार."

"अगं, मामांनी मीटर लावून तपासलंय!"

"परवा तुझ्या तक्त्यानंही तपासलं होतं."

वर ऊन तळपत होतं. पॅनेलं बॅटरी भरत राहिली असती, म्हणून त्यांच्यावर चादरी टाकाव्या लागल्या. गोटीच्या बदकांच्या, सशांच्या, आणि एक कॅप्टनची नांगरांची. इंडक्शनवर मोठं पातेलं उकळत ठेवलं. तरी आकडा गोगलगाईच्या चालीनं उतरत होता. मामानं ओट्याकडे बोट केलं. "ते चालू करा. चौदाशेचं आहे ना?"

यंत्र एका बाजूला चेपलं होतं, पण चालत होतं. कॅप्टन कॉफी करायला लागला. पहिला कप त्यानं स्वतः प्यायला, दुसरा मामा, तिसरा पुन्हा स्वतः. मग धक्क्यावरच्या लोकांना हाका मारल्या. मासे उतरवणारे आले, इंधनाच्या पंपावरचा आला, शेजारच्या बोटीवरची म्हातारी स्वतःचा मग घेऊन दोनदा आली. बारावी कॉफी करताना कॅप्टनच्या मनगटाला कंप सुटला होता. अठराव्या कपाला फेस धरेना.

"दाब कमी पडतोय," तो कळवळून म्हणाला.

"फेस नको," ती म्हणाली. "आकडा किती?"

"एक्केचाळीस."

चाळीसला तिसरी श्रेणी गेली. पंचवीसला पंखे थांबले आणि शेगडी मेली. कॉफीचं यंत्र, जीवनावश्यक असल्यामुळे, एकटं फुसफुसत राहिलं. शेवटी मोठ्या इन्व्हर्टरनं एक लांब पिपाणी वाजवून जीव सोडला. फ्रीज गप्प झाला. निळा दिवा विझला. बोटीत इतकी शांतता झाली की बाहेरचं पाणी बोटीच्या पोटावर चापट्या मारताना ऐकू यायला लागलं. धक्क्यावरचे लोक कप हातात धरून उभे होते, कुणाच्या तरी निकालाची वाट बघितल्यासारखे.

ती आत गेली, बिछान्यावर बसली आणि उशाजवळचं बटण दाबलं.

घर्रर्र.

तिनं घड्याळ लावलं. मास्कमधून पांढरं धुकं निघत राहिलं. गोटीनं त्यात बोट घालून पाहिलं आणि खिदळली. दहा मिनिटं झाली. तिनं बंद केलं नाही. वीस. तीस. आवाज जरासुद्धा उतरला नाही. मामानं दारातून विचारलं, "अजून?"

"अजून एक डोस."

"बॅटरीच्या तळाशी फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलंय, ताई. दिवसभर लावलंत तरी चालेल."

"दिवसभर नको. चाळीस मिनिटं पुरेत."

चाळिसाव्या मिनिटाला तिनं बटण बंद केलं. कॅप्टन दाराच्या चौकटीला धरून उभा होता. इतकी कॉफी पोटात गेल्यामुळे त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. "बसला आता विश्वास?"

"बसला," ती म्हणाली. "बटणावर."

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई. "काय गं, ठरलं का शेवटी? का येताय परत?"

तिनं बिछान्यावर पसरलेल्या गोटीकडे पाहिलं. पोट शांतपणे वर-खाली होत होतं. सवयीनं मोजायला गेली आणि वही हाताशी नव्हती म्हणून मनातच मोजलं. बरोबर होतं.

"ठरलं, आई. मंगळवारी निघतोय."

"बरं. आणि विजेचं सगळं त्यानं नीट केलंय ना?"

चौकटीतला कॅप्टन एकदम स्थिर झाला. त्याच्या चेहऱ्यावर सात वर्षांच्या मुलाची आशा होती. तिला त्याची कीव आली, पण खोटं बोलण्याइतकी नाही.

"कप्तानी त्याच्याकडे आहे, आई," ती म्हणाली. "विजेचं मी बघते."